कंदाचा हिवाळा

सप्टेंबरच्या अखेरीला ट्युलिपचा एक चांगला, टणक कंद घ्यावा आणि तो उभा चिरून पाहावा. वरचं तपकिरी साल बोटांनी सहज निघून येतं. आत एकमेकांना लगटून बसलेले जाड, पांढरे, रसाळ पापुद्रे दिसतात आणि अगदी मधोमध, बुडाच्या चकतीवर, पिवळसर कोंब उभा असतो. तो सुईच्या टोकानं अलगद उकलून साध्या भिंगाखाली धरला की पानांची घट्ट गुंडाळी सुटते आणि तिच्या आत सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधलं तीन कडांचं स्त्रीकेसर ओळखू येतं. सगळं मिळून काही मिलिमीटर. रंग चढलेला नसतो, पण फेब्रुवारीत उमलणारं फूल तिथे पूर्ण तयार असतं. उन्हाळ्यात कंद जमिनीतून काढून कोरड्या कोठारात ठेवलेला असताना ते आतल्या आत घडून गेलेलं असतं.

घरात कंद फुलवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करायला सांगते. एक कंद त्यात खर्ची पडतो, पण आपल्या कामाची हद्द कुठे सुरू होते ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. फूल आपण घडवायचं नसतं, त्यामुळे खतं, संजीवकं, खास माती यांतलं काहीही लागत नाही. त्या फुलाला एकच गोष्ट मिळायची राहिलेली असते, ती म्हणजे हिवाळा. तो कसूर न करता द्यायचा. हे पुस्तक त्या एका कामाविषयी आहे.

ते लिहिलं आहे मुख्यतः थंड देशांत घर केलेल्या मराठी माणसांसाठी. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. स्टॉकहोमला तर दिवस जेमतेम सहा तासांचा. दारात तुळस, कुंपणाला जास्वंद आणि देवापुढे रोजचं ताजं फूल, अशा सवयीत वाढलेल्या माणसाला नोव्हेंबर ते मार्च हा काळ किती जड जातो, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. तिथल्या लोकांनी या काळोख्या महिन्यांवर स्वतःपुरता एक उपाय शोधला आणि तो जवळजवळ तीनशे वर्षं जपला. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये नाताळच्या दिवसांत खिडकीत हायसिंथ नसेल तर घर सुनं वाटतं. आपल्या लोकांना मात्र हे कंद शरद ऋतूत दुकानात दिसतात, घ्यावेसे वाटतात आणि घरी आणल्यावर त्यांचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मग ते स्वयंपाकघरातल्या उबेत, खिडकीपाशी कुंडीत लावले जातात. कोंब बाहेर येतो, पानं दिसतात आणि फूल बुडाशीच अडकून सुकतं. चूक मातीची नसते, पाण्याचीही नसते. थंडी मिळालेली नसते.

झाड उबेनं वाढतं हे आपल्या अंगात मुरलेलं असल्यामुळे ही गोष्ट पटकन पटत नाही. ट्युलिपचे पूर्वज मध्य आशियातल्या डोंगरांत, तिएनशान आणि पामीरच्या बाजूला वाढले. हायसिंथ तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचा. तिथे उन्हाळा रखरखीत, हिवाळा बर्फाचा आणि दोहोंच्या मध्ये मोजक्या आठवड्यांचा वसंत. पान, फूल, बी हे सगळं त्या मोजक्या आठवड्यांत उरकायचं, तर तयारी आधीच करून ठेवावी लागते. म्हणून अन्न जमिनीखाली साठवायचं, फूल आदल्या उन्हाळ्यातच घडवायचं आणि वर यायची घाई करायची नाही. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. शरदातल्या एखाद्या उबदार आठवड्याला भुलून कोंब वर आला, तर पुढच्या बर्फात तो मेलाच. तेव्हा ‘हिवाळा खरोखर होऊन गेला’ हे कळण्याची काहीतरी सोय कंदात असायलाच हवी. ती सोय म्हणजे थंडीचा हिशेब. साधारण ५ ते ९ अंश सेल्सियसमध्ये आठवड्यांमागून आठवडे गेले की पापुद्र्यांतला पिठूळ साठा हळूहळू साखरेत उतरू लागतो आणि दांड्याच्या पेशींना लांब होण्याची ताकद येते. हिशेब पुरा झाला की मगच ऊब कामाला येते. अपुऱ्या थंडीत ट्युलिपचा दांडा खुजा राहतो किंवा कळी आतच वाळते. हायसिंथचा तुरा कंदाच्या गळ्यातच अडकतो आणि पानांच्या बेचक्यात दाटीवाटीनं उमलतो.

पापुद्र्यांतला तो साठा किती भरीव असतो, याची एक दुःखद साक्ष इतिहासात आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्नाचा पुरवठा तुटला. तेव्हा लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. मधला पिवळा कोंब काढून टाका, तो बाधतो, अशा सूचना तेव्हा दिल्या जात. दुष्काळात फेकला जाणारा तो कोंब म्हणजे वर भिंगाखाली पाहिलेलं फूलच.

थंडीचा हा हिशेब मराठी शेतकऱ्याला परका नाही. नाशिक-नगरकडचा कांदा उत्पादक तो चांगला ओळखतो, फक्त शत्रू म्हणून. रांगड्या कांद्याला पोसताना लांबलेली थंडी लागली की पातीच्या मधून पोकळ दांडा वर येतो, त्याला गोंडा धरतो आणि कांदा भरायचा थांबतो. ‘डेंगळे आले’ असं म्हणत तो कपाळाला हात लावतो, कारण असल्या मालाला बाजारात भाव नसतो. त्याच गावातला बी धरणारा शेतकरी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांदे मुद्दाम जमिनीत लावतो, कारण हिवाळ्यातून गेल्याशिवाय त्यांना गोंडे येणार नाहीत आणि गोंड्यांशिवाय बी नाही. एकाला जी थंडी नको असते, ती दुसऱ्याला मोजून हवी असते. हॉलंडमधला फुलवाला या दुसऱ्या शेतकऱ्याच्या रांगेत बसतो. ट्युलिपबद्दल वाचताना मला लासलगावच्या बाजूची शेतं आठवतात ती यामुळेच. कांदा आणि ट्युलिप वनस्पतिशास्त्रात एका कुळाचे नाहीत, पण दोघांनीही थंडी मोजायची विद्या आपापल्या परीनं साधली आहे.

हॉलंडच्या ट्युलिपची कहाणी सांगायला लागलं की सगळे १६३७ च्या फेब्रुवारीत कोसळलेल्या बाजारावर येऊन थांबतात. ती कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे, इथे तिची गरज नाही. कार्लुस क्लुसियस १५९३ मध्ये लायडनच्या विद्यापीठात आला, त्यानं तिथल्या बागेत ट्युलिप लावले आणि समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यात या पिकाला घर मिळालं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. घरात फूल फुलवण्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट घडली ती नंतरच्या शतकात, आणि तीही हायसिंथच्या बाबतीत. १७३० च्या दशकाच्या आरंभी मार्टिन ट्रीवाल्ड या स्वीडिश अभियंत्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की पाण्यानं भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कंद बसवला तर तो जमिनीतल्यापेक्षा पुष्कळ लवकर फुलतो. माती नाही, कुंडी नाही, नुसतं पाणी. हार्लेमचे कंदवाले तेव्हा दुहेरी पाकळ्यांच्या हायसिंथच्या मागे लागले होते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत काचेच्या भांड्यांची रांग दिसू लागली.

सामान्य घरापर्यंत हे पोहोचायला शंभर वर्षं लागली, आणि त्यामागे एक कर होता. इंग्लंडमध्ये काचेवर जबर अबकारी होती. ती १८४५ मध्ये उठली, काच स्वस्त झाली आणि थोड्याच वर्षांत बर्मिंगहॅमच्या जॉर्ज टाय यानं हायसिंथसाठी बसकं, रुंद बुडाचं भांडं काढलं. उंच, सडपातळ भांडी फुललेल्या तुऱ्याच्या भारानं कलंडत. हे कलंडत नसे. गिरण्यांच्या गावांत, कोळशाच्या धुरात, अंगणाचा तुकडाही नसलेल्या खोल्यांतून हायसिंथ फुलू लागला. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. एक कंद, एक भांडं आणि नळाचं पाणी एवढ्यावर भागणारी बाग त्या लोकांना मिळाली. आज लंडनच्या उपनगरात दोन खोल्यांत राहणाऱ्या आपल्या मुलामुलींची अडचणही तीच आहे.

या भांड्याकडे जरा नीट पाहू. बूड रुंद, कंबर अरुंद, वर वाटीसारखं तोंड. कंद वाटीत बसतो आणि पाणी कमरेच्या खाली, कंदाच्या बुडापासून दोन-तीन मिलिमीटर अंतर राखून भरायचं. बूड पाण्याला टेकलं की कंद कुजतो. अंतर ठेवलं तर ओलाव्याच्या ओढीनं मुळ्या स्वतःहून खाली उतरतात. त्या पांढऱ्याशुभ्र, सरळ आणि न फुटलेल्या असतात. हायसिंथच्या मुळीला फाटे फुटत नाहीत आणि तुटलेली मुळी पुन्हा वाढत नाही, म्हणून पाणी बदलताना कंद उचलायचा नाही, भांडंच हलकेच तिरकं करायचं. पाण्यात कोळशाचा एक खडा टाकण्याची जुनी रीत आहे, ती पाळावी. भांडं ९ अंशांखाली, काळोखात, साधारण दहा आठवडे राहायला हवं. मुळ्यांनी भांडं भरलं आणि कोंब चार-पाच सेंटिमीटर वर आला की ते बाहेर काढायचं, पण एकदम उन्हात न्यायचं नाही. आधी दोन-चार दिवस मंद उजेडात ठेवायचं, तिथे पिवळट कोंब हिरवा होतो. जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात कोंबावर रंगीत कागदाची टोकदार टोपी घालतात. ती शोभेची नाही. टोपीखालच्या काळोखात दांडा ताणला जातो आणि तुरा पानांच्या वर निघतो. घरातल्या मुलांना हे टोपी उचलून पाहण्याचं काम द्यावं, त्यांच्याइतकं नियमानं ते दुसरं कुणी करत नाही.

नाताळात फुलणारे हायसिंथ ‘तयार’ करून विकले जातात. ही विद्या विसाव्या शतकातली. नेदरलँड्समधल्या वागेनिंगन इथे ए. एच. ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत आठवड्या-आठवड्याला कंद चिरून आत फूल कधी, कोणत्या तापमानाला घडतं याची नोंद ठेवली. तेव्हा स्पष्ट झालं की फूल घडायला ऊब लागते आणि घडलेलं फूल वर यायला थंडी. दोन कामं, दोन हवामानं. मग कंद जूनमध्ये लवकर खणून काढायचे, काही आठवडे ३० अंशांच्या आसपास ठेवायचे, म्हणजे आतलं फूल लवकर पुरं होतं, आणि पुढचा थंडीचा काळ लवकर सुरू करता येतो. इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘तयार’ म्हणजे थंडी मिळालेला नव्हे, थंडी घ्यायला तयार झालेला. पाकिटावरचा तो शब्द वाचून लोक कंद सरळ दिवाणखान्यात ठेवतात आणि फसतात.

थंडीचा काळ प्रत्येकाचा वेगळा. हायसिंथला दहा ते बारा आठवडे, डॅफोडिलला बारा ते पंधरा, ट्युलिपला बारा ते सोळा. क्रोकसचं थोडं कमी. हे आकडे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ऑगस्ट डी हर्टोघ यांच्या कामामुळे व्यापाऱ्यांना पाठ झाले. त्यांनी हॉलंडच्या कंदांसाठी केलेली मार्गदर्शिका अनेक वर्षं हरितगृहांत टेबलावर असायची. घरी आपल्याला इतकं काटेकोर राहायची गरज नाही, पण कंजुषी चालत नाही. माझा सल्ला नेहमी एकच असतो: शंका आली तर आठवडाभर अजून ठेवा. जास्त थंडीनं फारतर दांडा थोडा उंच होईल. कमी थंडीनं सगळंच जाईल.

ही थंडी कुठून आणायची? न तापवलेलं गॅरेज, बागेतली लाकडी खोली, तळघर, उत्तरेकडची बाल्कनी यांतलं काहीही चालतं, फक्त कुंडी गोठून दगड होता कामा नये. काहीच नसेल तर फ्रिज. फ्रिजमध्ये दोन पथ्यं कडक पाळावी लागतात. पहिलं, सफरचंद आणि पिकणारी फळं त्याच फ्रिजमध्ये नकोत. त्यांतून निघणारा इथिलीन वायू कंदातलं फूल आतल्या आत मारतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. तीन महिने थांबून पानंच हाती येतात. दुसरं पथ्य आपल्या घरांसाठी जास्त महत्त्वाचं. डॅफोडिलचा कंद विषारी असतो आणि दिसतो थेट कांद्यासारखा. २०१५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला मोठ्या दुकानांना सांगावं लागलं होतं की डॅफोडिल भाजीपाल्याजवळ ठेवू नका. ज्या घरात रोज कांदा चिरला जातो आणि सासूबाई किंवा पाहुणे हाताला येईल ते उचलून कामाला लागतात, तिथे कंदाच्या पिशवीवर ठळक मराठीत ‘विषारी, खाऊ नये’ असं लिहून ती वेगळ्या कप्प्यात ठेवा. हायसिंथचा कंद हाताळताना हातमोजे घाला, त्याच्या सालीनं अंगाला खाज सुटते.

ज्यांना एवढं थांबायचं नाही त्यांच्यासाठी थंडीची अट नसलेले दोन कंद आहेत. एक म्हणजे भूमध्य समुद्राकडचा पांढरा, झुबकेदार नर्गिस, ज्याला दुकानात पेपरव्हाइट म्हणतात. खड्यांच्या बशीत कंद बसवा, बुडापर्यंत पाणी घाला, चार-सहा आठवड्यांत फुलं. त्याचा चिनी भाऊबंद फुजियान प्रांतातल्या झांगझोउ भागात पिकतो. चिनी नववर्षाला तो घरोघर पाण्यात फुलवतात, आणि काही कसबी हात तर कंद कोरून पानांना हवा तसा बाक आणतात. पेपरव्हाइटचा एकच दोष, उबदार खोलीत तो भसाभस वाढून आडवा होतो. त्यावर कॉर्नेल विद्यापीठात विल्यम मिलर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय मला फार आवडतो. कोंब थोडा वर आला की साधं पाणी ओतून द्यायचं आणि त्याऐवजी ५ टक्के अल्कोहोलचं पाणी घालायचं, म्हणजे एक भाग व्होडका किंवा जिन आणि सात भाग पाणी. झाडाला पाणी शोषायला जरा कष्ट पडतात, पानं आणि दांडे एक तृतीयांश ते निम्म्यानं आखूड राहतात, फुलं मात्र तेवढीच मोठी आणि तितकेच दिवस टिकणारी. बिअर किंवा वाइन चालत नाही, त्यातली साखर मुळ्यांना मारते.

दुसरा कंद हिप्पिॲस्ट्रमचा, ज्याला बाजारात सर्रास ॲमरिलिस म्हणतात. हा दक्षिण अमेरिकेतला. त्याचा पहिला संकर १७९९ मध्ये इंग्लंडच्या प्रेस्कॉट गावातल्या आर्थर जॉन्सन या घड्याळजीनं केला. त्याला थंडीऐवजी कोरडी विश्रांती लागते: आठ-दहा आठवडे पाणी तोडायचं, मग पुन्हा द्यायचं. आपल्याकडे कोकणात आणि देशावर जुन्या अंगणांत जी लाल, कर्ण्यासारखी लिली ऐन उन्हाळ्यात फुलते, ती याच घराण्यातली. तिच्या वाट्याला ही विश्रांती आपोआप येते, हिवाळ्यात आपण तिला पाणी घालायचं विसरतो म्हणून.

महाराष्ट्रातले वाचक विचारतील, आम्ही हे करावं का? फ्रिजमध्ये थंडीचा हिशेब पुण्यातही पुरा होतो. अडचण नंतर येते. फुललेल्या ट्युलिपला पंधरा-अठरा अंशांची खोली लागते आणि आपल्याकडे जानेवारीतली दुपारही तिशीला टेकते. तीन महिने सांभाळलेलं फूल तीन दिवसांत गळून पडतं. ट्युलिपचा नाद इथे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रिजमध्ये जागा असेल तर काचेतला एखादा हायसिंथ जरूर करून पाहा, त्याचा वास दोन दिवस मिळाला तरी सार्थकी लागतो. बाकी निशिगंध आपला आहेच. तो मेक्सिकोतून आला, आपल्या उन्हाशी त्याचं जमलं आणि त्याला कुणाच्या फ्रिजची गरज पडत नाही.

फुलून झालेल्या कंदांचं काय करायचं, याबद्दल या पुस्तकात एक प्रकरण आहे आणि ते कुणाकुणाला कठोर वाटेल. पाण्यात फुलवलेला कंद आपला साठा संपवून बसलेला असतो, आणि घरात फुलवलेला ट्युलिप पुढच्या वर्षी क्वचितच धड फुलतो. तो खतात टाकावा. डॅफोडिल कुंडीतल्या मातीत फुलवला असेल तर पानं पिवळी होईपर्यंत पाणी द्यावं आणि बागेत लावावा. एक-दोन वर्षांनी तो सावरतो. हिप्पिॲस्ट्रम तर वर्षानुवर्षं घरात राहतो, त्याला टाकणं हा अन्याय आहे.

दुर्मीळ जाती, त्यांच्या किमती आणि प्रदर्शनं यांना मी या पुस्तकात जागा दिलेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या पाच-सहा कंदांवरच सगळी पानं खर्च केली आहेत. तेही महिन्यांच्या क्रमानं लावलेत, कारण या कामात कॅलेंडर चुकलं की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. नाताळात हायसिंथ हवा असेल तर ‘तयार’ कंद सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत भांड्यावर बसला पाहिजे. ट्युलिप ऑक्टोबरपर्यंत थांबतो, पेपरव्हाइट आणि हिप्पिॲस्ट्रम नोव्हेंबरात लावले तरी चालतात. दुकानांत कंद ऑगस्टच्या अखेरीपासून येऊ लागतात. पाकिटावरच्या चित्राकडे पाहू नका, कंद हातात घ्या. वजनाला भरीव हवा, हायसिंथ असेल तर घेर १७ सेंटिमीटरच्या वर हवा, आणि बुडाची चकती अंगठ्यानं दाबली तर टणक लागली पाहिजे. ती मऊ असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो कंद परत ठेवा.